मायक्रोफोनमधला भंडारा

मोबाइल फोनचा मायक्रोफोन घरच्या घरी, त्याला इजा न करता, साफ करता येतो का? हा प्रश्न मला पडला तेव्हा मी दौंडमधल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. पातळ पडदा, त्याची कंपने, ध्वनीचे विजेत होणारे रूपांतर हे सारे मी फळ्यावर खडूने काढून दाखवीत असे. खऱ्या मायक्रोफोनच्या भोकावर बोट ठेवून दाखवण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती. प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आणि ते मी पुढे क्रमाने देणार आहे. पण ते मिळाले तेव्हा ज्याच्यासाठी मी ते शोधत होते, त्याला त्याचा उपयोग उरला नव्हता. हे वगळून नुसती कृती सांगणे मला बरोबर वाटत नाही.

ज्याच्यासाठी म्हणजे माझ्या धाकट्या भावासाठी. आमचे घर शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपासून फार लांब नाही, पण गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडे मेंढरे होती. वडिलांनी ती हळूहळू कमी केली आणि जमिनीत मन घातले. वडील गेल्यावर आई आणि भाऊ असे दोघेच तिथे राहत. भावाने आय.टी.आय. केले आणि तो कंपनीत लागला. 'लागला' हा आईचा शब्द. वस्तुतः तो कंपनीच्या ठेकेदाराकडे होता, आणि ठेकेदाराकडचे काम रोज नव्याने मिळवावे लागत असे.

ते कसे, हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. दुसऱ्या दिवशी किती माणसे लागतील हे कंपनी ठेकेदाराला संध्याकाळी कळवी. मग ठेकेदाराचा सुपरवायझर एकेका मुलाला फोन करी. "उद्या सेकंड शिफ्ट. येतो का?" एवढाच प्रश्न. पलीकडून "व्हय साहेब" आले की एक जागा भरली. नाही आले, तर पुढच्या मुलाला फोन. चर्चा नाही, वाट पाहणे नाही. मोबाइल नुकतेच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले होते, आणि ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याने कामाचे नाव काढू नये, असे सुपरवायझरने मुलांना बजावले होते. भावाने फोन घेतला तो या एका होकारासाठी.

त्या वर्षी त्या होकाराला आणखी वजन आले होते. वर्ष सरताना ठेक्यावरच्या मुलांपैकी काहींना कंपनी ट्रेनी म्हणून स्वतःच्या हजेरीपटावर घेणार होती. ज्यांचे खाडे नाहीत त्यांनाच बोलावणार, अशी बोली होती. भावाचा खाडा नव्हता. कंपनीची बस हमरस्त्याच्या फाट्यावर येई आणि तो तिच्या आधी तिथे उभा असे. ट्रेनी झालो की रोज संध्याकाळी फोनकडे बघत बसावे लागणार नाही, असे तो मला म्हणाला होता. पगाराबद्दल त्याने काही म्हटल्याचे मला आठवत नाही.

चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात. ताम्हणात भंडारा, खोबऱ्याचे तुकडे, सुपारी आणि विड्याची पाने ठेवायची, पाच जणांनी ताम्हण उचलून खंडोबाचा जयघोष करायचा आणि भंडारा उधळायचा. घरात त्या वर्षी आलेली कामाची वस्तूही आई देवापुढे ठेवी. कधी नवा विळा असे, कधी पान्हा. त्या वर्षी नवा होता तो मोबाइल. आईने तो ताम्हणातच ठेवला, खोबऱ्याशेजारी, भंडाऱ्यावर पालथा. परीक्षा चालू असल्याने मी दौंडलाच होते. हे मला भावाने नंतर सांगितले. पाच जणांनी ताम्हण उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग नारळ फोडताना थोडे पाणी ताम्हणात सांडले. भावाने फोन उचलून शर्टाला पुसायला घेतला, तर आईने हात धरला.

"भंडारा पुसायचा नसतो," ती म्हणाली. "आन् फुंकर तर मुळीच मारायची न्हाई. आपसूक झडंल तवा झडंल."

त्याने आकडे दिसणारी काच तेवढी बोटाने मोकळी केली आणि बाकीचा भंडारा राहू दिला. पिवळ्या फोनचे त्याला काही वाटले नाही. त्याच्या सगळ्या मित्रांच्या गाड्याही त्या आठवड्यात पिवळ्याच होत्या.

त्या काळच्या फोनमध्ये अंकांच्या बटणांखाली, अगदी तळाशी, सुईच्या नेढ्याएवढे भोक असे. त्याच्या आत मायक्रोफोन. आपण बोलतो तो आवाज तिथून आत जातो. पलीकडचा आवाज ऐकू येतो तो वरच्या बाजूने, वेगळ्या यंत्रातून. म्हणून खालचे भोक बंद झाले तरी आपल्याला सगळे नीट ऐकू येते, आणि दोष आपल्या फोनमध्ये आहे अशी शंकाच येत नाही.

भावालाही ती आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. भाऊ म्हणाला, "व्हय साहेब." पलीकडून दोनदा हॅलो झाले आणि फोन बंद. भावाने उलटा फोन लावला. तिकडून पुन्हा हॅलो, हॅलो, मग एक शिवी. तो सायकलने फाट्यावरच्या दुकानातल्या कॉइन बॉक्सपाशी गेला. तिथून बोलणे झाले, पण तोवर जागा भरली होती. त्याच्या पहिल्या खाड्याचे कारण हे असे.

सगळ्यांनी रेंजला दोष दिला. वस्तीवर रेंज कमीच असे, त्यामुळे ते पटण्याजोगे होते. भाऊ संध्याकाळी विहिरीच्या कडेच्या मातीच्या ढिगावर उभा राहू लागला, हात उंच करून. शेजारच्या बांधावरून आमचे चुलते त्याची फिरकी घेत.

"काय रं, तुझ्याच डोक्याव टावर बसवायचा का? म्हंजी आमच्या फोनला तरी दोन काड्या येतील."

"बसवा की आप्पा. भाडं तुम्हीच घ्या," भाऊ म्हणे.

ढिगावरूनही आवाज जाईना. मग त्याने एका मित्राकडून इंग्रजी अक्षरांत मेसेज लिहून सुपरवायझरला पाठवला. उत्तर आले नाही. सुपरवायझरच्या फोनची मेसेजची पेटी कधीच भरून गेली होती आणि ती रिकामी करायची असते हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते, असे पुढे कळले. भाऊ कंपनीच्या फाटकावरही जाऊन आला. सुपरवायझरने त्याला सगळ्यांसमोर विचारले, की फोन उचलतोस आणि बोलत नाहीस, मस्ती आली आहे का? भावाने रेंजचे सांगितले, चुलत्यांच्या नंबरवर फोन करा म्हणाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन करत बसायला मी रिकामा नाही, असे उत्तर मिळाले. शिरूरच्या दुरुस्तीवाल्याने फोन दुकानात ठेवून जायला सांगितले होते. पण फोन दुकानात ठेवला आणि संध्याकाळी साहेबांचा फोन आला तर? निदान वाजलेला तरी कळायला हवा, म्हणून तो फोन घेऊन परत आला.

मलाही त्याने फोन केले होते. मला नुसती खरखर ऐकू यायची. मी उलटा फोन करून बोलत राहायचे, बरा आहेस का, आई कशी आहे, आणि तिकडून शांतता. शेवटी त्याने कॉइन बॉक्सवरून शाळेत फोन केला. एवढेच म्हणाला, "आक्का, मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कुणालाच न्हाई."

तेव्हा मला वर सांगितलेला प्रश्न पडला. शनिवारी सकाळची शाळा सुटताच मी निघाले. चौफुला, न्हावरे असे करत एस.टी.ने शिरूर गाठले आणि तिथून जीपने फाटा. निघताना शाळेतल्या चित्रकलेच्या कपाटातून एक कोरा, मऊ कुंचला मागून घेतला होता.

कृतीआधी निदान करावे, हे मी मुलांना नेहमी सांगते. म्हणून आधी मी त्याच्याशेजारी उभी राहून माझ्या फोनवरून शाळेतल्या एका बाईंशी बोलले. माझा आवाज पलीकडे पोचला. म्हणजे रेंज पुरेशी होती. मग मी गोठ्यापलीकडे जाऊन भावाला फोन लावला. माझे त्याला ऐकू आले, त्याचे मला नाही. म्हणजे दोष त्याच्या फोनच्या बोलण्याच्या बाजूस होता. फोनच्या डब्यात कानाला लावायची वायर मिळते. ती कोऱ्या कागदात तशीच आईच्या ट्रंकेत होती. ती जोडून त्याला बोलायला सांगितले. त्या वायरीला स्वतःचा मायक्रोफोन असतो. आवाज स्वच्छ आला. म्हणजे फोन ठीक होता. बंद झाले होते ते फक्त तळाचे भोक.

मी परत आले तेव्हा तो वायर हातात धरून बसला होता.

"ही वायर लावून बोललो असतो तरी चाललं असतं?" त्याने विचारले.

मी हो म्हणाले. त्याने वायर बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

आता कृती. प्रथम काय करू नये ते सांगते, कारण लोक नेमके तेच करतात. टाचणी किंवा सुई घालू नये. भोकाच्या मागे जे असते ते नाजूक असते. टोचले की घाण निघते आणि मायक्रोफोनही जातो. फुंकर मारू नये. आपल्या श्वासात ओल असते. तिने धूळ चिकटते आणि आणखी आत जाते. आईने फुंकर मना केली ती वेगळ्या कारणाने, पण मनाई योग्य होती. पाणी, रॉकेल, अत्तर काहीही लावू नये. पंक्चरवाल्याकडची हवा मारून घे, असे भावाला एका मित्राने सुचवले होते. त्या जोराने मायक्रोफोनचा पातळ पडदा फाटू शकतो, म्हणून तेही करू नये.

करायचे ते असे. फोन बंद करावा. त्या फोनची बॅटरी निघत होती, म्हणून ती काढून ठेवली. हात कोरडे असावेत. उजेड भरपूर असावा. आम्ही अंगणात बसलो होतो. भोक जमिनीकडे करून फोन तिरका धरावा, म्हणजे सुटलेले कण आत न जाता खाली पडतात. कोरड्या मऊ कुंचल्याने भोकावरून बाहेरच्या दिशेने हलके फटकारे द्यावेत. दाबू नये. मग चिकटपट्टीचा लहान तुकडा भोकावर अलगद टेकवून उचलावा. बारीक पूड त्याला लागून येते. दर वेळी नवा तुकडा घ्यावा. इथपर्यंत केल्यावर बहुतेक धूळ निघते. आमच्या बाबतीत नारळाच्या पाण्याने भंडाऱ्याची खपली धरली होती. तेव्हा मी उदबत्तीच्या काडीचे टोक दगडावर घासून बोथट केले आणि खपली फक्त काठावरून सैल केली. काडी आत नेली नाही. पुन्हा कुंचला, पुन्हा चिकटपट्टी. घाई केली नाही.

आई समोर बसून बघत होती. तिने मला थांबवले नाही, पण सुरुवातीलाच आत जाऊन एक पितळी ताटली आणली आणि माझ्या हाताखाली सरकवली.

"भुईवर सांडू देऊ नगंस, बाई," एवढेच म्हणाली.

ताटलीत जे जमले ते चिमूटभरही नव्हते. चिकटपट्टीचे तुकडेही तिने मला फेकू दिले नाहीत. ते तिने तुळशीच्या मातीत पुरले. ताटलीतली पूड तिने बोटाच्या टोकाला घेतली आणि भावाच्या कपाळाला लावली. तो मुकाट्याने वाकला. जे काढण्यासाठी मी दौंडहून आले होते ते त्याच्या कपाळावर गेले, आणि आईच्या चेहऱ्यावर काम नीट झाल्याचे समाधान होते.

बॅटरी घालून मी पुन्हा गोठ्यापलीकडे गेले. फोन वाजला. "आक्का, येतंय का?" त्याचा आवाज स्वच्छ होता, नेहमीचा, जरा घाईचा. मी येते आहे म्हणाले. मग आईने फोन घेतला आणि मला जेवलीस का असे विचारले. तिनेच मला तासाभरापूर्वी वाढले होते.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिथे पूर्ण झाले. मी अंगणात परतले तेव्हा भाऊ सुपरवायझरला फोन लावत होता. त्या फोनचा आवाज मोठा असे. शेजारी उभे राहिले की दोन्हीकडचे ऐकू येई.

"साहेब, फोन दुरुस्त झाला. उद्याला हाय मी," भाऊ म्हणाला, आणि आपले नाव सांगितले.

"तुझ्या जागी घेतला की रे दुसरा," सुपरवायझर म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बिहारचा पोरगा हाय. हितंच कंपनीमागं खोलीवर राहतो. त्याला फोन करायचीबी गरज न्हाई, हाक मारली की हजर."

"आन् ते ट्रेनीचं, साहेब?"

"ते चालू असलेल्या पोरांचं हाय. तू कुठं चालू हायेस? लागलं तर करतो फोन."

"व्हय साहेब," भाऊ म्हणाला. ते तिकडे नक्की ऐकू गेले असणार. सुपरवायझरने हॅलो म्हटले नाही, नुसता फोन ठेवला.

त्यानंतर पुष्कळ आठवडे भाऊ संध्याकाळी फोन चार्ज करून जवळ ठेवी. ढिगावर जायची गरज नव्हती, तरी जाई. चुलत्यांनी टावरचा विषय पुन्हा काढला नाही. ट्रेनी निवडले गेले ते भावाला फाट्यावरच कळले. त्याच्याबरोबरची दोन मुले त्यात होती. त्यांनी पेढे आणले, आईने ते देवापुढे ठेवले आणि मुलांना चहा केला.

फोनमुळेच हे झाले का, हे मी शोधण्याचा प्रयत्न केला. निवडलेल्या मुलांपैकी एक म्हणाला, तो असता तर त्याचे नक्की झाले असते, त्याच्याएवढी हजेरी कोणाची नव्हती. दुसऱ्याचे म्हणणे उलट होते. ठेकेदाराला तशीही माणसे कमी करायची होती, आणि वस्तीवरून येणाऱ्यांपेक्षा कंपनीशेजारी राहणारी त्याला सोयीची होती. आवाज पोचला असता तरी दुसरे काही कारण निघाले असते. दोघेही खोटे बोलत नव्हते. प्रयोगशाळेत असा पेच पडला तर एकच गोष्ट बदलून प्रयोग पुन्हा करता येतो. इथे ती सोय नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वस्तीवर होते. भाऊ कोरेगाव भीमाजवळच्या एका गोदामात माल उतरवण्याच्या कामावर जाऊ लागला होता आणि तिथेच राहायला जाणार होता. कपडे पिशवीत भरताना त्याने विचारले.

"आक्का, तू शास्त्र शिकिवतीस. खरं सांग. फोन चांगला असता तर घेतलं असतं का गं मला?"

मी नाही म्हणाले असते तर त्याचे कष्ट फुकट होते असा अर्थ झाला असता. हो म्हणाले असते तर चिमूटभर पुडीने त्याचे आयुष्य अडवले असा, आणि ती पूड कोणी घातली हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आई चुलीपाशी होती आणि तिला ऐकू येत होते.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, पिशवीची चेन लावली आणि निघाला. तो अजून गोदामातच आहे. मी फोन केला तर उचलतो, 'व्हय', 'न्हाई', 'बरं हाय' म्हणतो. आवाज स्पष्ट येतो. स्वतःहून तो कोणाला फोन करत नाही. आईला आम्ही कोणी कधी काही बोललो नाही. पुढच्या चंपाषष्ठीला तिने ताम्हणात काही नवे ठेवले नाही, एवढे माझ्या लक्षात आले.

आता सर्वांच्या हातात स्मार्टफोन आहेत. त्यांचा मायक्रोफोन साधारणपणे खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो, आणि काही फोनना एकाहून अधिक असतात. सिमकार्ड काढायचे भोक वेगळे असते. हेच ते भोक असे समजून मायक्रोफोनमध्ये पिन घालणारे लोक मी पाहिले आहेत. बॅटरी आता निघत नाही, म्हणून फोन पूर्ण बंद करावा. कव्हर काढून पाहावे, कारण कधी कधी कव्हरच भोकावर आलेले असते. बाकी कृती तीच: कोरडा मऊ कुंचला, भोक खाली, हलका हात, चिकटपट्टी. एवढ्याने आवाज पलीकडे पोचला नाही तर आणखी खटपट न करता फोन जाणकाराकडे द्यावा आणि तोवर वायर लावून बोलावे.

हे सर्व मी एका फोनवर करून पाहिले आणि नंतर इतर काही फोनवर. माझ्या सांगण्यावर विसंबू नका. आपला फोन घ्या, जवळच्या कोणालाही लावा, दोन वाक्ये बोला आणि ती ऐकू आली का, हे त्यालाच विचारा. तुम्हाला कोणाचा फोन यायचा असेल, तर तो येण्याच्या आधी हे स्वतः तपासून पाहा.